तुमच्या वतीनं घेतलेली झोप

दाजी, सुजाताचं ठरलं. कुठल्या विद्यापीठात ते सांगतोच, पण आधी जरा बसू द्या मला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मिलिंद, बातमी दे, बँडबाजा नंतर वाजव." तुम्ही नाही, त्यामुळं मला मध्येच तोडणारं आता कुणी नाही. आणि खरं सांगू का, तोडणारं कुणी नसलं की बोलण्यातली निम्मी मजा जाते.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला वारज्याच्या हॉलमध्ये साउंड माझाच होता. धंदाच आहे माझा, लोकांचा आवाज मोठा करून देण्याचा. तुम्ही म्हणायचात, ह्या माणसाचं सगळं आयुष्यच अँप्लिफायरमधून येतं, मुंगी चावली तरी हत्तीनं तुडवल्याची बातमी देतो. तर त्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी बोलले, पोस्टातले तुमचे जुने साहेब बोलले. मग माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला, "हॅलो, चेक" म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मेव्हण्याला पुढं बोलवेना. बोलवत नव्हतंच. पण समोर पहिल्या रांगेत सुजाता बसली होती, आणि तुमच्याबद्दल जे एकच सांगायला हवं होतं, ते तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

तुमची पोरगी फायनान्सची पदवी घ्यायला घाटापलीकडच्या विद्यापीठात निघाली होती, कारण तुम्ही तसं सांगून गेलात. आणि तुम्ही तसं सांगितलंत, कारण मी तुम्हाला थाप मारली होती. शनिवारपर्यंत तिला सीट पक्की करायची होती. ती जग सोडून गेलेल्या माणसाचं शेवटचं म्हणणं मानणार होती, आणि ते म्हणणं मुळात माझ्या तोंडून निघालेलं होतं.

सुरुवात तुमच्यापासून झाली हे मात्र कबूल करा. बाकीचे बाप रँकिंग बघतात, प्लेसमेंट बघतात, शेजारच्याचा मुलगा कुठं गेला ते बघतात. तुम्ही झोपायचात. एप्रिलच्या भर दुपारी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन विद्यापीठात शिरायचं, एखादा बाक शोधायचा, चपला खाली जोडून ठेवायच्या आणि आडवं व्हायचं. तीस वर्षं पोस्टाच्या बचत खिडकीत बसून तुमची पाठ इतकी सरळ झाली होती की झोपलात तरी टपालाच्या पेटीत टाकायला ठेवलेल्या लांब पाकिटासारखे दिसायचात.

मी विचारलं होतं, हे काय खूळ आहे. तेव्हा तुम्ही गाडीत मागं मान टेकून, डोळे मिटूनच सांगितलंत. गावाहून पहिल्यांदा पुण्यात आलात, बी.कॉम.चा फॉर्म भरायला. रात्रभराचा एसटीचा प्रवास, पोटात काही नाही, कॉलेजच्या आवारात कुणाला काय विचारावं ते कळेना. झाडाखाली टेकलात आणि झोप लागली. कुणीतरी खांद्याला हात लावला. शिपाई होता. म्हणाला, "बाळ, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं आहेत. फॉर्म दे इकडं, आणि तोंडावर पाणी मार." त्यानं तुमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच नाही.

"कॉलेज कसं शिकवतं ते दाराबाहेरून कळत नाही, मिलिंद," तुम्ही म्हणालात. "पण झोपलेल्या परक्या माणसाला ते कसं उठवतं, ते कळतं."

यावर मी एकदाही तुमची थट्टा केली नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग त्या सगळ्या दुपारी. दाजी, मला आता त्या एकातून एक वितळून आल्यासारख्या आठवतात. डांबरावर ऊन थरथरतंय, गुलमोहर पेटलेला, लांब कुठंतरी क्रिकेटचा चेंडू बॅटला लागल्याचा आवाज, आणि बाकावर तुम्ही. मी जरा लांब, गाडीच्या सावलीत, निकालाची वाट बघत. कधी वाटायचं, झोपलेले तुम्ही आहात आणि हे विद्यापीठ, ह्या इमारती, ही पाठीवर सॅक घेतलेली पोरं, सगळं तुमच्या झोपेत चाललंय. तुम्ही कूस बदलली असती तर तीन मजली लायब्ररी अलगद कलली असती.

पहिलं ते काचेचं. मला तेच हवं होतं. एवढी काच की आत गेलेला माणूस स्वतःलाच चारदा भेटून बाहेर येतो. शेजारी कंपन्या, खराडीला जाणाऱ्या बसगाड्या दारातून, पदवीचा कागद वाळायच्या आत नोकरी. तुमचा डोळा लागून चार मिनिटं झाली असतील, सिक्युरिटीवाल्यानं बाकावर काठी आपटली.

"सर, इथं झोपायला परवानगी नाही."

"मग कुठं आहे?"

"ॲडमिशन घेतल्यावर. वर्गात."

तुम्ही उठून त्याच्याशी हात मिळवलात. "पोरगा हुशार आहे," गाडीत म्हणालात, "पण हा उठवायला नाही, उठवून लावायला ठेवलाय."

दुसऱ्या ठिकाणी अडीच तास कुणी फिरकलंच नाही. पानं पडली तुमच्या अंगावर. एक कुत्रं येऊन तुमच्या शेजारी झोपलं, उठलं, निघून गेलं. मी सगळ्यांना सांगतो की एका चिमणीनं तुमच्या खिशात घरटं बांधायला काडी आणली होती. ते खरं नाही, पण आणखी अर्धा तास मिळाला असता तर आणली असती. उठल्यावर तुम्ही शर्ट झटकलात आणि एवढंच म्हणालात, "इथं माणूस गेला तरी हजेरी लागत राहील."

तिसरं आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवरचं. ताईचं लाडकं. पोरगी जेवायला घरी येईल, असं तिचं गणित. तिथं एक विद्यार्थिनी तुमच्यापाशी थांबली, वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, ऊन आलं तुमच्यावर. थोडं इकडं सरका." तुम्ही झोपेतच सरकलात. तिनं तुमच्या चपलाही सावलीत ओढल्या. मला वाटलं, संपलं, हेच पक्कं. पण तुमचं तोंड उतरलेलं.

"काय झालं आता? एवढी गुणी पोर."

"गुणी आहे. पण सावलीत सरकवून झोपूच दिलं की मला. सुजा इथं सुखात राहील रे. शिकेल का, ते सांगता येत नाही."

यावर आपलं जे भांडण झालं ते अजून अर्धवटच आहे. मी म्हणालो, दाजी, जगात लोक रँकिंग बघून निवडतात. तुम्ही म्हणालात, रँकिंग कोण लावतं, जे कधी तिथं झोपले नाहीत ते. मी म्हणालो, तुमच्या हिशेबानं पोरीला धर्मशाळेत घालायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, तू तुझी काच पुसत बस. मग वारजे आलं. पुलाखाली सिग्नलला तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, तेवढ्यात सिग्नल सुटला. काय होतं ते, दाजी? मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, हे काय कुठं जात नाहीत.

मे महिन्यात तुमच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि चौथं राहिलं, घाट उतरून चार तासांवरचं. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. म्हणालात, "माझ्या वतीनं तू झोपून ये."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

त्या सोमवारी मी खरंच निघालो होतो, याला स्वारगेट साक्षी आहे. बस डोळ्यांदेखत सुटली. पुढची दीड तासानं. उसाचा रस प्यालो, सावलीतला बाक धरला, आणि म्हटलं, चला, सराव करून बघू. मग काय झालं ते सांगतो, आणि यात एका अक्षराची भर नाही. एसटी स्टँडचा तो सगळा कोलाहल, कंडक्टरच्या आरोळ्या, इंजिनांची घरघर, हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखा झाला. पाण्यावर मोठी पानं तरंगायला लागली. ते तळं होतं. तळ्याकाठी वड, आणि वडाच्या पारंब्यांमधून पोरं ये-जा करत होती, हातात वह्या, पण पायांचा आवाज नाही. लांबवर पिवळसर इमारत, तिच्या खिडक्या सगळ्या उघड्या. मी वडाखाली झोपलो होतो आणि मीच मला बघत होतो. एक म्हातारे सर आले. पांढरा शर्ट, हातात स्टीलचा पेला. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं आणि शेजारी मांडी घालून बसले. मी म्हणालो, भाचीला फायनान्स करायचंय, म्हणजे नक्की काय करायचंय? ते म्हणाले, "ज्याच्याकडं आज आहे आणि ज्याला उद्या लागणार आहे, त्यांची गाठ घालून द्यायची. मध्ये उभं राहून आपला हात स्वच्छ ठेवायचा. बाकी गणित आहे, ते येतं."

"ओ भाऊ, पाय वर घ्या," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. चार वाजले होते. पुढचीही बस गेली होती.

झोप खरी, स्वप्न खरं, दाजी. फक्त ठिकाण चुकलं. रात्री उशिरा तुमच्यापुढं येऊन बसलो तेव्हा मी एवढंच केलं, स्वारगेट वगळलं. गेट तेवढं माझ्या पदरचं घातलं, की इतकं मोठं की आत शिरून इमारतीपर्यंत चालत जाईस्तोवर माणसाचं पहिलं सेमिस्टर संपतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

तुम्ही उठून बसलात. महिनाभरात पहिल्यांदा, हाताचा आधार न घेता. ते सरांचं वाक्य मला तीनदा म्हणायला लावलंत आणि माहितीपत्रकाच्या पाठीवर तुमच्या त्या पोस्टातल्या अक्षरात उतरवून घेतलंत. पुढचे आठ दिवस ते ज्याला त्याला वाचून दाखवलंत. दूधवाल्याला दाखवलंत. डॉक्टर नाडी बघत होते, त्यांना दाखवलंत. ते म्हणाले, छान. सुजाताला तुम्ही म्हणालात, "बाळा, त्या सरांकडं शीक." आणि नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून तुम्ही गेलात.

आता मला सांगा, त्या आठ दिवसांतल्या कुठल्या दिवशी मी खरं बोलायला पाहिजे होतं? रोज ठरवून यायचो. तुम्ही दारातूनच विचारायचात, तळ्यात कमळं होती का रे? आणि माझ्या तोंडून कमळं उमलायची.

एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. तुम्ही तिकीट मागितलं नाहीत. तीस वर्षं समोर आलेला प्रत्येक कागद उलटा करून बघणारे तुम्ही. मी साधं दूध आणलं तरी पिशवीवरची तारीख वाचणारे. त्या रात्री पेला कसला होता ते विचारलंत, झाड कुठलं ते विचारलंत, माझ्याकडं बराच वेळ बघितलंत, "हं" म्हणालात. तिकीट मागितलं नाहीत.

हे मी ताईला सांगितलं, तुम्ही गेल्यानंतर. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "ते मला म्हणायचे, सुनंदा, हिला घरापासून लांब पाठवू. इथं राहिली तर अभ्यास सोडून माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसेल. पण जा म्हटलं तर जायची नाही, काहीतरी कारण पाहिजे." मग ती म्हणाली, "मला काय माहीत, तू खरं बोलत होतास की खोटं. तू बोलायला लागलास की मी स्वयंपाकघरात जाते."

म्हणजे तुम्ही मला ओळखलंत आणि वापरलंत? की भाबडेपणानं विश्वास ठेवलात? दोन्हीत मी दोषी आहेच. पण पहिलं असेल तर आपण दोघं, आणि दुसरं असेल तर मी एकटा. म्हणून विचारतो. उत्तर देणार नाही म्हणा तुम्ही, त्या सिग्नलवरच्यासारखंच.

बुधवारी दुपारी सुजाता लॅपटॉप उघडून बसली होती. शेजारी ते माहितीपत्रक, उलटं, तुमचं अक्षर वर. सीट पक्की करायला फक्त एक बटण दाबायचं होतं. मी म्हणालो, थांब.

"काय?"

"मी तिथं गेलो नव्हतो."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. रस, बाक, बस, मावशींचा झाडू. तिनं लॅपटॉप हळूच मिटला.

"मग ते सर?"

"नाहीत."

"वाक्य कुणाचं?"

"माझं असेल. झोपेतलं."

"मामा, तुला फायनान्स कळतं?"

"अजिबात नाही. मला स्पीकरचं भाडं नीट मागता येत नाही."

मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "बाबांनी ते वाक्य डॉक्टरांना वाचून दाखवलं होतं." आणि उठून आत गेली. दार आपटलं नाही. तुमचीच मुलगी, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.  गुरुवारी रात्री मेसेज आला, उद्या सकाळी साडेसहा, स्वारगेट.

बसमध्ये ती खिडकीशी, मी कडेला. घाट उतरताना ढग बसच्या खाली आले. तुम्ही गेल्यापासून मला सगळंच जरा तरंगत असल्यासारखं दिसतं, पण त्या दिवशी रस्ताही तरंगत होता. एका वळणावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपली होती. मी खांदा हलवला नाही. बधिर झाला तरी नाही. हात तुटून पडला असता तरी नाही, आणि हे दाजी, अतिशयोक्तीत धरू नका.

तर आता तुम्हाला ती हकीकत देतो, जी मे महिन्यातच द्यायला हवी होती. गेट साधं आहे, लोखंडी, हिरव्या रंगाचं, एक पान नीट बंद होत नाही. तळं नाही. वड नाही. दोन कडुनिंब आहेत, त्यातला एक वठायला आलाय. इमारत चार मजली, बाहेरून पाण्याचे ओघळ. बाक आहेत, त्यावर पोरं बसतात, माणसाला आडवं व्हायला जागा नाही. कँटीनचा चहा गोड. मुलींचं वसतिगृह आवारातच, खिडक्यांना जाळ्या धड आहेत, हे मी बाहेरून तीनही बाजूंनी बघितलं, तेव्हा एक बाई येऊन मला कोण हवंय ते विचारून गेल्या.

सुजाता मला बाहेर बसवून एकटी आत गेली होती. दीड तासानं आली.

"मामा, तळं नाही."

"नाही."

"झाडाखाली सर पण नाहीत."

"सुजा, मी सांगितलं ना तुला."

"एक मॅडम आहेत. विभागप्रमुख. त्यांनी बसवून घेतलं." ती माझ्याकडं बघत नव्हती, चपलेनं माती उकरत होती. "बाकी तीन ठिकाणी फॉर्म भरताना टक्के किती ते विचारलं. यांनी विचारलं, तुला काय येत नाही."

"मग? काय सांगितलंस?"

"गणितातली संभाव्यता. म्हटलं, शाळेपासून घाबरते. त्या म्हणाल्या, ये मग, आम्ही पण घाबरतो. आणि तिथंच मला फळ्यापाशी उभं केलं. चुकलं माझं. दोनदा. तिसऱ्यांदा पण थोडं चुकलं."

"आणि?"

"आणि मला निघावंसंच वाटत नव्हतं."

मग तिनं सॅकमधून ते माहितीपत्रक काढलं. मला वाटलं फाडणार. तिनं ते पाठीवरून वाचलं, म्हणाली, "वाक्य बरंय. पण हात स्वच्छ ठेवायचा म्हणजे काय करायचं, ते यात नाही. ते शिकावं लागेल." आणि घडी घालून परत ठेवलं. मला माफ केलंय की नाही ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ताईला फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुलींचं वसतिगृह बघितलंस ना नीट?" मी म्हणालो, नीट. "खरं?" मी म्हणालो, ताई, खरं. माझ्या पन्नाशीच्या आयुष्यात एवढा छोटा शब्द मला एवढा जड गेला नव्हता.

दुपारी आम्ही प्रवेशाच्या खिडकीसमोर उभे राहिलो. आत एक चष्मेवाले गृहस्थ, समोर कागदांची चळत. सुजाता फॉर्म भरत होती, सावकाश, ठळक अक्षरात. पालकांचं नाव या रकान्यात तिनं तुमचं नाव लिहिलं, आडनावासकट, पूर्ण. चष्मेवाल्यांनी फॉर्म फिरवून घेतला, वर बघितलं.

"पालक सोबत आलेत का?"

मी घसा खाकरला. मला सांगायचं होतं की मी मामा, वडील नुकतेच वारले, कागद हवे असतील तर आहेत. ती माझ्याआधी बोलली.

"आलेत," ती म्हणाली.

मी तिच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून उभा होतो, दाजी. ती उजवीकडं, रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली.